हेन्री व्हॅनडाइक कार्टर

हेन्री व्हॅनडाइक कार्टर (२२ मे, १८३१:हल, यॉर्कशायर, इंग्लंड – ४ मे, १८९७:स्कारबरो, यॉर्कशायर, इंग्लंड) हे ब्रिटिश शल्यवैद्य, शरीररचनाशास्त्रज्ञ, चित्रकार आणि रोगविज्ञानातील संशोधक होते. ग्रेज ॲनॅटमी या जगप्रसिद्ध शरीररचनाग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे त्यांनी काढली. जगाला त्यांची ओळख बहुधा या चित्रांमुळे असली, तरी त्यांच्या कार्यजीवनाचा मोठा भाग मुंबई इलाख्यात गेला. १८५८ ते १८८८ या काळात मुंबई आणि सातारा येथे काम करताना त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने मदुरा पाय, कुष्ठरोग, दुष्काळी ताप आणि हिवताप या रोगांचा अभ्यास केला. भारतात सूक्ष्मदर्शकाचा उपयोग रोगाचे कारण शोधण्यासाठी सातत्याने करणाऱ्या पहिल्या वैद्यांमध्ये त्यांची गणना होते.

जन्म आणि शिक्षण

कार्टर यांचा जन्म हल या बंदराच्या शहरात झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगात सागरदृश्ये रंगवणारे चित्रकार होते आणि स्कारबरो येथे चित्रकला शिकवीत. धाकटे बंधू जोसेफ न्यूइंग्टन कार्टर हेही चित्रकार झाले. हेन्री यांनी वैद्यकाचा मार्ग धरला, परंतु घरात मिळालेले रेखाटनाचे शिक्षण त्यांना आयुष्यभर उपयोगी पडले.

१८४०च्या दशकाच्या अखेरीस ते लंडनला आले आणि सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊ लागले. १८५२मध्ये त्यांनी शल्यवैद्याची पात्रता मिळवली. त्यानंतर काही काळ ते पॅरिसमध्ये होते. १८५३ ते १८५५ या काळात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये मानवी व तौलनिक शरीररचनेचा अभ्यास करण्यासाठी त्यांना विद्यार्थिवृत्ती मिळाली. तेथे रिचर्ड ओवेन आणि जॉन क्वेकेट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केले. क्वेकेट हे त्या काळातील इंग्लंडमधील आघाडीचे सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ होते. सूक्ष्मदर्शकाच्या वापरावरील त्यांचा ग्रंथ १८४८मध्ये प्रसिद्ध झाला होता. ऊतींचे पातळ छेद घेणे, ते काचपट्टीवर बसवणे आणि दिसेल तेवढेच रेखाटणे ही शिस्त कार्टर यांना येथे मिळाली. पुढे ते सेंट जॉर्जेसमध्ये शरीररचनेचे निदर्शक झाले. १८५६मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी संपादन केली.

ग्रेज ॲनॅटमी

सेंट जॉर्जेसमधील शरीररचनेचे अध्यापक हेन्री ग्रे यांनी विद्यार्थ्यांसाठी एक सोपा व सचित्र ग्रंथ लिहिण्याचे ठरवले आणि चित्रांचे काम कार्टर यांच्याकडे सोपवले. ग्रंथासाठीची शवविच्छेदने दोघांनी मिळून केली. मजकूर ग्रे यांनी लिहिला आणि चित्रे कार्टर यांनी काढली. सुमारे दीड वर्ष हे काम चालले. कार्टर यांनी चित्रे थेट लाकडी ठोकळ्यांवर काढली. छापल्यावर ती सुलट दिसावीत म्हणून ठोकळ्यावर ती उलट काढावी लागत. अवयवांची नावे चित्राबाहेर अक्षरांनी दर्शवण्याऐवजी त्या त्या भागावरच लिहिण्याची पद्धत या ग्रंथात वापरली गेली. विद्यार्थ्याची नजर चित्र आणि तळटीप यांच्यामध्ये फिरत राहू नये, हा तिचा लाभ होता.

पहिली आवृत्ती १८५८मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ३६३ चित्रे होती. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे १५० पौंड मानधन ठरले होते, तर कार्टर यांना एकदाच १५० पौंड मिळाले. मुखपृष्ठाच्या मुद्रितावर कार्टर यांचे नाव ग्रे यांच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत होते. ग्रे यांनी ते लहान करवले आणि कार्टर यांच्या मुंबईतील नव्या पदाचा उल्लेखही काढून टाकला. ग्रंथ बाजारात आला तेव्हा कार्टर भारतात पोहोचले होते. मिळालेल्या रकमेतून त्यांनी भारतात नेण्यासाठी एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. ग्रे यांचे १८६१मध्ये देवीच्या रोगाने वयाच्या चौतिसाव्या वर्षी निधन झाले. ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या मात्र आजतागायत निघत आहेत.

मुंबईत आगमन

कार्टर १८५८च्या आरंभी मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत रुजू झाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत पोहोचले. १८४५मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांची शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयातही ते काम करीत. या रुग्णालयात मुंबई शहरातून तसेच कोकण, देश आणि काठेवाड या भागांतून रुग्ण येत. युरोपातील पुस्तकांत ज्यांचे वर्णन अपुरे होते किंवा मुळीच नव्हते, असे अनेक रोग कार्टर यांना येथे पाहावयास मिळाले.

त्या काळी भारतातील बहुतेक वैद्यकीय अधिकारी रोगाचे वर्णन रुग्णशय्येजवळील लक्षणांवरून आणि शवविच्छेदनात नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या बदलांवरून करीत. रोगाचे मूळ दूषित हवेत, जमिनीतून निघणाऱ्या वाफांत किंवा ऋतुमानात आहे, अशी समजूत सर्वत्र प्रचलित होती. कार्टर यांनी काचपट्टीवरील पुराव्याची जोड देण्याचा मार्ग निवडला. मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या वृत्तांतांत त्यांचे लेख प्रसिद्ध होऊ लागले.

तत्कालीन सूक्ष्मदर्शक

कार्टर यांच्या निष्कर्षांचे मोल आणि त्यांच्या मर्यादा समजण्यासाठी त्यांच्या हातातील उपकरण कसे काम करीत असे, हे पाहणे आवश्यक आहे. संयुक्त सूक्ष्मदर्शकात दोन भिंगसंच असतात. वस्तूजवळ असलेले वस्तुभिंग, ज्याला प्रयोगशाळेत ऑब्जेक्टिव्ह म्हणतात, नळीच्या आत वस्तूची मोठी व उलटी प्रतिमा तयार करते. डोळ्याजवळील नेत्रिका म्हणजे आयपीस ही प्रतिमा साध्या भिंगाप्रमाणे आणखी मोठी करून दाखवते. दोन्हींच्या वर्धनांचा गुणाकार म्हणजे एकूण वर्धन. वस्तुभिंग ४० पट आणि नेत्रिका १० पट मोठे दाखवीत असेल, तर एकूण वर्धन ४०० पट होते.

साध्या काचेच्या भिंगात दोन दोष असतात. वेगवेगळ्या रंगांचे किरण वेगवेगळ्या अंतरावर एकत्र येत असल्याने वस्तूभोवती रंगीत कडा दिसतात. या दोषाला वर्णविपथन म्हणतात. भिंगाच्या कडेजवळून व मध्यातून जाणारे किरणही एकाच बिंदूत मिळत नाहीत, त्यामुळे प्रतिमा धूसर होते. हे गोलीय विपथन होय. क्राउन आणि फ्लिंट या दोन प्रकारच्या काचांची भिंगे जोडून पहिला दोष बराच कमी करता येतो. अशा भिंगजोड्या एकमेकींपासून योग्य अंतरावर ठेवल्यास दुसराही आवरता येतो, हे इंग्लंडमधील जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी १८३०मध्ये दाखवून दिले. त्यानंतरच सूक्ष्मदर्शक हे वैद्यकासाठी भरवशाचे साधन झाले. कार्टर यांची पिढी ही या सुधारलेल्या भिंगांवर शिकलेली पहिली पिढी होती.

तरीही एक मर्यादा उरते. प्रकाश हा तरंगरूप असल्याने परस्परांच्या फार जवळ असलेले दोन बिंदू कितीही मोठे केले तरी वेगळे दिसत नाहीत. वेगळे दिसू शकणारे किमान अंतर हे प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि वस्तूपासून निघणाऱ्या प्रकाशशंकूचा किती मोठा भाग वस्तुभिंगात शिरतो यावर अवलंबून असते. जर्मनीतील एर्न्स्ट आबे यांनी १८७०च्या दशकात हा नियम मांडला. काचपट्टी आणि वस्तुभिंग यांमध्ये हवा असेल, तर तिरपे किरण काचेतून हवेत येताना वळून भिंगाबाहेर निसटतात. त्या जागी काचेइतकाच अपवर्तनांक असलेले तेल भरल्यास ते किरण सरळ भिंगात शिरतात. झाइस यांच्या कारखान्यात आबे यांनी १८७८मध्ये अशी तेलनिमज्जन भिंगे तयार केली. कोरड्या भिंगाने ०.३ मायक्रोमीटरच्या आसपासचे अंतर ओळखता येते. तेलनिमज्जन भिंगाने ते ०.२ मायक्रोमीटरपर्यंत खाली येते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मानवी तांबडी रक्तपेशी सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते. रोगजंतू मात्र अनेकदा या मर्यादेच्या काठावर असतात. कार्टर यांच्या संशोधनातील यश आणि वाद या दोहोंचा या मर्यादेशी निकटचा संबंध आहे.

मदुरा पाय

अनवाणी शेतात राबणाऱ्या लोकांमध्ये आढळणाऱ्या एका रोगात पाऊल हळूहळू सुजते, त्यावर गाठी येतात आणि त्या फुटून पुवाबरोबर बारीक दाणे बाहेर पडतात. रोग वर्षानुवर्षे वाढत जाऊन हाडांपर्यंत पोहोचतो. दक्षिणेतील मदुरा जिल्ह्यातील रुग्णांवरून त्याला मदुरा पाय हे नाव पडले होते. पाय कापण्याखेरीज त्यावर दुसरा उपाय नव्हता. काटा रुतणे किंवा लहानशी जखम होणे, एवढ्यावरून कुटुंबातील कमावत्या माणसाचा पाय जाण्यापर्यंत मजल जात असे.

कार्टर यांनी शस्त्रक्रियेनंतर मिळालेल्या पावलांचे छेद घेऊन दाण्यांची तपासणी केली. काळ्या दाण्यांत त्यांना बुरशीच्या तंतूंचे दाट जाळे दिसले. १८६०पासून त्यांनी हा रोग बुरशीमुळे होतो, असे प्रतिपादन केले. काळे दाणे आणि फिकट दाणे असे रोगाचे दोन प्रकारही त्यांनी वेगळे केले. १८७४मध्ये या रोगावरील त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोगाला त्यांनी दिलेले मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव आजही वैद्यकात रूढ आहे.

या संशोधनातून एक वाद उभा राहिला. कार्टर यांनी जपून ठेवलेल्या एका नमुन्यावर लालसर बुरशी उगवली. इंग्लंडमधील कवकतज्ज्ञ माइल्स जोसेफ बर्कली यांनी तिला कार्टर यांचे नाव दिले आणि काही काळ तीच रोगाचे कारण मानली गेली. प्रत्यक्षात ती नमुन्यावर बाहेरून आलेली साधी बुरशी होती. कलकत्त्याचे टिमोथी लुइस आणि डेव्हिड कनिंगहॅम यांनी १८७५मध्ये या रोगावर स्वतंत्र अहवाल लिहून बुरशी हेच कारण असल्याबद्दल शंका घेतली. काचेखाली दिसणारी वस्तू रुग्णाच्या शरीरातून आली, की नमुना जपताना त्यात मिसळली, हा प्रश्न यामुळे ऐरणीवर आला.

पुढील संशोधनाने दोन्ही बाजूंचे अंशतः समाधान झाले. काळ्या दाण्यांचा रोग खऱ्या बुरशीमुळे होतो. फिकट दाण्यांच्या अनेक रुग्णांत मात्र तंतुमय जीवाणू असतात, हे १८९४मध्ये फ्रान्सचे व्हिन्सेंट यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. बुरशीचे तंतू काही मायक्रोमीटर जाडीचे असल्याने १८६०च्या भिंगांतूनही ते स्पष्ट दिसतात. या जीवाणूंचे तंतू साधारण एक मायक्रोमीटर किंवा त्याहूनही बारीक असतात. त्या काळच्या कोरड्या भिंगांच्या कक्षेत त्यांचे स्वरूप नीट उलगडणे कठीण होते. कार्टर यांनी केलेले काळे व फिकट हे वर्गीकरण मात्र टिकून राहिले. हा फरक आज उपचाराच्या दृष्टीने निर्णायक आहे. जीवाणूजन्य प्रकार प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो, तर बुरशीजन्य प्रकारासाठी वेगळी औषधे आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया लागते.

सातारा आणि कुष्ठरोगाचा अभ्यास

१८६३ ते १८७२ या काळात कार्टर सातारा येथे सिव्हिल सर्जन होते. महाविद्यालय आणि ग्रंथालय यांपासून दूर असूनही त्यांनी संशोधन सोडले नाही. मूत्राशयातील खडे हा त्या काळी पश्चिम भारतात सर्रास आढळणारा विकार होता. अशा खड्यांचे पातळ छेद घासून त्यांनी त्यांची सूक्ष्म रचना तपासली आणि १८७३मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले.

कुष्ठरोग हा त्यांच्या अभ्यासाचा दुसरा मोठा विषय होता. १८६०च्या दशकाच्या आरंभीच त्यांनी कुष्ठरुग्णांच्या त्वचेतील व मज्जातंतूंतील बदलांचे वर्णन केले होते. बधिरता ही केवळ त्वचेची व्याधी नसून मज्जातंतूंच्या विकृतीतून येते, हे त्यांनी छेदांच्या आधारे मांडले. कुष्ठरोग पिढीजात आहे, असे त्या वेळी बहुतेक युरोपीय तज्ज्ञ मानीत. याच काळात मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड हेही कुष्ठरुग्णांवर वनस्पतिजन्य औषधाचे प्रयोग करीत होते.

दीर्घ रजेवर युरोपात गेले असता कार्टर यांनी १८७३मध्ये नॉर्वेला भेट दिली. तेथे कुष्ठरुग्णांची शासकीय नोंदणी होत असे व त्यांच्यासाठी खास रुग्णालये होती. बर्गन येथे गेऱ्हार्ड आर्मौअर हॅन्सन यांना त्याच वर्षी कुष्ठरुग्णांच्या गाठींत दंडाकार जंतू दिसले होते. नॉर्वेतील व्यवस्थेवर कार्टर यांनी १८७४मध्ये अहवाल लिहिला. पुढील अहवालात इटली, ग्रीक द्वीपसमूह आणि पॅलेस्टाइन येथील निरीक्षणांची भर पडली. भारतात परतल्यावर त्यांनी काठेवाडातील कुष्ठरोगाची पाहणी केली. रोग संसर्गजन्य आहे, हे मत त्यांनी स्वीकारले आणि रुग्णांसाठी वेगळ्या वसाहती उभारण्याची शिफारस सरकारला केली. आज कुष्ठरोगावर प्रभावी औषधे उपलब्ध असल्याने रुग्णांना समाजापासून वेगळे ठेवण्याची गरज मानली जात नाही. औषध नसलेल्या काळात मात्र या शिफारशीमागे रोगाचा प्रसार थांबवण्याचा विचार होता.

दुष्काळी ताप

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. अन्नाच्या व कामाच्या शोधात हजारो लोक मुंबईकडे आले. १८७७मध्ये या उपाशी आणि दाटीवाटीने राहणाऱ्या लोकांत एका तापाची साथ पसरली. रुग्णाला अचानक जोराचा ताप येई, पाच ते सात दिवसांनी तो एकाएकी उतरे आणि आठवडाभरात पुन्हा चढे. युरोपात दुष्काळी किंवा उलटणारा ताप म्हणून परिचित असलेला रोग हाच होता. मुंबईत त्याची गल्लत हिवतापाशी आणि अन्य तापांशी होत असे.

कार्टर त्या सुमारास मुंबईतील गोकुळदास तेजपाल रुग्णालयाचे काम पाहत होते. बर्लिनमधील ओटो ओबरमायर यांनी या तापाच्या रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळण असलेले हलते जंतू पाहिल्याचे १८७३मध्ये जाहीर केले होते. कार्टर यांनी मुंबईतील रुग्णांच्या रक्तात तेच जंतू दाखवून दिले. यामुळे भारतातील साथ आणि युरोपातील रोग एकच असल्याचे सिद्ध झाले.

हे निरीक्षण सोपे नव्हते. हा जंतू तांबड्या पेशीच्या रुंदीपेक्षा लांब असतो, परंतु त्याची जाडी अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी असते. ताज्या रक्तात तो बहुधा आधी त्याच्या परिणामावरून लक्षात येतो. त्याच्या धक्क्याने तांबड्या पेशी थरथरतात किंवा बाजूला सरकतात. शिवाय वाळू लागलेल्या रक्तात गोठण्याचे तंतू तयार होतात आणि पेशींच्या कडांतून धाग्यासारखे तुकडे सुटतात. अनुभव नसलेल्या निरीक्षकाला तेही जंतू वाटू शकतात. कार्टर यांनी काचपट्टीवरील निरीक्षण रुग्णाच्या तापमानाच्या नोंदीशी जोडले. ताप चढलेला असताना जंतू आढळत, ताप उतरताच ते रक्तातून नाहीसे होत आणि ताप उलटला की पुन्हा दिसत. गोठण्याचे तंतू किंवा काचेवरील धूळ रुग्णाच्या तापाबरोबर येत-जात नाही. या तुलनेमुळे जंतू खरे असल्याविषयी शंका राहिली नाही.

त्यानंतर त्यांनी रुग्णाचे रक्त माकडांना टोचून त्यांच्यात ताप आणि जंतू दोन्ही निर्माण केले. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनीही जवळपास त्याच वेळी असे प्रयोग केले. १८८२मध्ये कार्टर यांचा दुष्काळी तापावरील विस्तृत ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. या संशोधनासाठी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्यांना स्ट्युअर्ट पारितोषिक दिले.

हा रोग माणसाकडून माणसाकडे कसा जातो, हे मात्र कार्टर यांच्या हयातीत कळले नाही. त्याचा उलगडा नाशिक येथे झाला. १९०७मध्ये तेथील एका मिशनच्या वसाहतीत ही साथ आली असता फ्रेडरिक पर्सिव्हल मॅकी यांना असे आढळले, की अंगावरील उवांचा प्रादुर्भाव ज्या मुलांमध्ये जास्त होता त्यांच्यातच रोगही जास्त होता. उवांच्या शरीरातही त्यांना जंतू दिसले. दुष्काळात हा ताप का पसरतो, याचे उत्तर त्यातून मिळाले. दाटी, एकच वस्त्र आणि पाण्याची टंचाई यांमुळे उवा वाढतात व रोग पसरतो. भारतातील या जंतूला त्याच वर्षी कार्टर यांचे नाव देण्यात आले. आज तो बोरेलिया रिकरंटिस या जातीतच समाविष्ट केला जातो.

हिवताप आणि उंदरातील जंतू

१८८०मध्ये अल्जीरियात अल्फाँस लाव्हराँ यांना हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसले. अनेक तज्ज्ञांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. कार्टर यांनी १८८७मध्ये मुंबईतील रुग्णांच्या रक्तात हे परजीवी ओळखले आणि १८८८मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात लाव्हराँ यांच्या शोधाला दुजोरा देणाऱ्या पहिल्या निरीक्षणांत त्याचा समावेश होतो. याच काळात उंदरांचे रक्त तपासताना त्यांना एक आखूड, वळणदार जंतू आढळला. उंदीर चावल्याने येणाऱ्या तापाच्या एका प्रकाराचे कारण तोच जंतू आहे, हे पुढे जपानी संशोधकांनी दाखवले.

हिवतापाविषयीच्या निरीक्षणाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. भारतीय वैद्यकीय सेवेतीलच रोनाल्ड रॉस यांना १८९०च्या दशकाच्या आरंभी रक्तात परजीवी सापडले नाहीत आणि लाव्हराँ यांचा दावा त्यांनी नाकारला. १८९४मध्ये लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना ते प्रत्यक्ष दाखवले. नंतर २० ऑगस्ट, १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रॉस यांनी डासाच्या शरीरातील परजीवी शोधून काढले. त्या वेळी त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते आणि उरलेल्या एकमेव नेत्रिकेला तडा गेला होता.

उपकरणातील दोष आणि त्यांची ओळख

उष्ण व दमट हवामानात सूक्ष्मदर्शक वापरताना येणाऱ्या अडचणी कार्टर व रॉस यांच्या काळात जशा होत्या, तशाच बव्हंशी आजही शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत येतात. दिसणारी वस्तू नमुन्यातील आहे की उपकरणातील, हे ठरवण्याच्या काही रूढ पद्धती आहेत.

दृश्यात ठिपका दिसत असल्यास प्रथम नेत्रिका फिरवून पाहतात. ठिपका तिच्याबरोबर फिरला तर धूळ नेत्रिकेवर आहे. काचपट्टी सरकवल्यावर तो सरकला तर तो नमुन्यात किंवा पट्टीवर आहे. दोन्ही वेळी तो जागचा हलला नाही, तर दोष वस्तुभिंगात किंवा खालच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे प्रकाश एकवटणाऱ्या भिंगजोडीत असतो.

कमी वर्धनाला प्रतिमा स्पष्ट आणि जास्त वर्धनाला धूसर दिसत असेल, तर काचपट्टी उलटी ठेवलेली असणे, वरची पातळ काच प्रमाणापेक्षा जाड असणे किंवा कोरड्या वस्तुभिंगाला तेल लागलेले असणे ही नेहमीची कारणे आहेत. या पातळ काचेची प्रमाण जाडी ०.१७ मिलिमीटर असते आणि जास्त वर्धनाची भिंगे तिच्यासाठीच आखलेली असतात. तेलनिमज्जन भिंगाखाली तेलात हवेचा बुडबुडा राहिल्यासही प्रतिमा बिघडते.

दृश्य अंधारे असल्यास कंडेन्सर फार खाली आहे का आणि त्याचे प्रकाशछिद्र फार बंद आहे का, हे तपासतात. छिद्र अतिशय लहान केल्यास वस्तू अधिक ठळक भासते, पण विवर्तनामुळे तिच्याभोवती खोट्या कडा उमटतात आणि बारीक तंतू दुहेरी दिसू शकतो. छिद्र पूर्ण उघडल्यास रंग न दिलेला पारदर्शक नमुना प्रकाशात जवळजवळ नाहीसा होतो. जंतूंना रंग देण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी ताजे रक्त तपासणाऱ्यांना या दोन टोकांमधील मध्य साधावा लागे.

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते आणि काच कायमची खराब होऊ शकते. म्हणून उपकरण कोरड्या व हवाबंद पेटीत, ओलावा शोषणाऱ्या पदार्थासह ठेवतात. भिंगावरील धूळ आधी फुंकणीने उडवून मगच मऊ कागदाने काच पुसतात, कारण धुळीसकट पुसल्यास काचेवर ओरखडे पडतात. तेलनिमज्जन भिंगावरील तेल काम संपताच टिपून घ्यावे लागते. जुन्या भिंगजोड्या कॅनडा बाल्समने चिकटवलेल्या असल्याने त्यांवर द्रावक सढळपणे वापरल्यास जोड सुटण्याचा धोका असतो.

निवृत्ती आणि अखेरचा काळ

मुंबईतील सेवाकाळात कार्टर यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यपदही सांभाळले. १८८८मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि स्कारबरो येथे स्थायिक झाले. १८९०मध्ये व्हिक्टोरिया राणीचे मानद शल्यवैद्य म्हणून त्यांची नियुक्ती झाली. १८५९मध्ये मुंबईत झालेला त्यांचा पहिला विवाह सुखाचा ठरला नव्हता. १८९०मध्ये त्यांनी मेरी एलेन रॉबिसन यांच्याशी विवाह केला. या विवाहातून त्यांना दोन अपत्ये झाली. ४ मे, १८९७ रोजी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. रॉस यांचा डासांविषयीचा शोध त्यानंतर साडेतीन महिन्यांनी लागला.

वारसा

ग्रेज ॲनॅटमीच्या प्रसिद्धीत कार्टर यांचे नाव दीर्घकाळ झाकलेले राहिले. लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जतन केलेल्या त्यांच्या रोजनिशा व पत्रे यांच्या आधारे एकविसाव्या शतकात त्यांच्या आयुष्यावर नव्याने लेखन झाले आणि ग्रंथनिर्मितीतील त्यांचा वाटा पुन्हा प्रकाशात आला.

भारतातील त्यांच्या कार्याचे महत्त्व वेगळे आहे. मायसेटोमा हे नाव आणि त्यातील दोन प्रकारांचा भेद, कुष्ठरोगातील मज्जातंतूंच्या विकृतीचे वर्णन, दुष्काळी तापाच्या जंतूची भारतातील ओळख आणि हिवतापाच्या परजीवीला दिलेला दुजोरा, ही त्यांची प्रमुख देणगी मानली जाते. १८९६मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार करण्याचे काम ग्रँट मेडिकल कॉलेजच्याच इमारतीत सुरू केले. मायसेटोमा या रोगाचा समावेश २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. अनवाणी काम करणाऱ्या शेतकरी व मजुरांमध्ये तो आजही आढळतो आणि त्याच्या निदानात दाण्यांचा रंग पाहून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे ही पायरी अद्याप महत्त्वाची आहे.